जानेवारीत पंखा का लावावासा वाटतो? पाळी जाण्याच्या वयातले प्रश्न

या वेळेस आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत, पाळी जाण्याच्या वयातले, म्हणून बाकीचे पुढच्या अंकात घेते आणि हे आज एकत्र घेते. नाव कोणाचंच छापत नाही. ग्वाल्हेरातली आपली मराठी घरं एकमेकांना ओळखून आहेत, लश्करातल्या गल्लीत कोणी काय विचारलं ते संध्याकाळपर्यंत बाड्यावर पोचतं, हे मला माहीत आहे, त्यामुळे बिनधास्त लिहीत जा.

प्रश्न : डॉक्टर ताई, वय 46. वर्षभरापासून पाळीचा भरवसा नाही, कधी पंधरा दिवसांत तर कधी दोन-अडीच महिने नाही. आत्ता जानेवारीत घरातले सगळे डोक्यापर्यंत रजई घेऊन झोपलेले आणि मी रात्री तीनला रजई फेकून पंखा लावते, गाऊन ओला झालेला असतो, आणि थोड्या वेळानं परत हुडहुडी भरते. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. सासूबाई म्हणतात आम्हाला नाही बाई असलं काही झालं. मला खरंच काही झालंय की माझ्या मनाचे खेळ आहेत? — मुरार

उत्तर : ताई, मनाचे खेळ अजिबात नाहीत. तुम्ही जे लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की तपासायच्या आधीच अर्धं निदान झालं. याला पेरिमेनोपॉज म्हणतात, म्हणजे पाळी पूर्ण जाण्याच्या आधीची काही वर्षं, ज्यात ओव्हरीमधून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कधी जास्त कधी कमी असं वरखाली होत राहतं. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग अंगाचं तापमान सांभाळतो आणि इस्ट्रोजेन घसरलं की तो गीझरच्या बिघडलेल्या थर्मोस्टॅटसारखा वागायला लागतो, अंगाचं तापमान जरासं वाढलं तरी त्याला वाटतं फार तापलं, मग तो कातडीजवळच्या रक्तवाहिन्या उघडतो, घाम काढतो, हृदय जोरात चालवतो. धडधड त्यातूनच येते. नंतरची हुडहुडी पण त्याचीच, कारण घामानं अंग गरजेपेक्षा जास्त गार झालेलं असतं.

आपल्याकडे एक अडचण अशी की मे-जूनमध्ये पारा 45 ला टेकतो, कूलर गरम हवा फेकतो, लाइट जाते, मग बायकांना वाटतं उकाड्याचंच आहे, लू लागली असेल, आणि वर्ष-दोन वर्षं तशीच निघून जातात. ओळखायची खूण सांगते. हॉट फ्लश छातीतून किंवा मानेतून सुरू होऊन चेहऱ्यावर चढतो, दोन-चार मिनिटं राहतो, घाम फुटतो आणि उतरतो. हवेचा उकाडा असा चढ-उतार करत नाही.

तपासण्यांचं म्हणाल तर तुमच्या वयात त्यासाठी एफएसएच या हार्मोनची महागडी टेस्ट लागत नाही, ती आज एक आकडा दाखवेल आणि पुढच्या महिन्यात दुसरा. थायरॉईड मात्र नक्की करा, कारण थायरॉईड वाढलं तरी धडधड, घाम, पाळीची गडबड असंच सगळं होतं, आणि पंधरा दिवसांत पाळी येतेय म्हणजे हिमोग्लोबिनही बघायला हवं. अंगावरून फार जात असेल, गाठी पडत असतील तर सोनोग्राफी करून घ्या.

हे किती दिवस चालणार, असं तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणारच. अमेरिकेत बायकांच्या याच वयाचा बरीच वर्षं मागोवा घेणारा स्वान नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात वारंवार हॉट फ्लश येणाऱ्या बायकांना ते मध्यममानानं 7.4 वर्षं येत राहिले. म्हणून "सहन कर, जाईल आपोआप" हा सल्ला मला पटत नाही. सात वर्षं झोपेशिवाय कोणी काढायची? सासूबाईंना झालं नसेलही, सगळ्यांना सारखं होत नाही, पण त्यांच्या काळात हे बोलायची सोयच नव्हती हे पण लक्षात घ्या.

अजून एक, हे फार कमी जणी विचारतात. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. पाळी पन्नाशीच्या आत थांबली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यावीच लागते.

प्रश्न : मॅडम नमस्कार. वय 51, पाळी जाऊन दीड वर्ष झालं. हॉट फ्लश इतके की वर्गात शिकवताना मधेच थांबावं लागतं, मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी लिहीत उभी राहते म्हणजे मुलांना चेहरा दिसायला नको. डॉक्टरांनी एचआरटी, म्हणजे कमी झालेले हार्मोन भरून काढणारी औषधं, लिहून दिली पण चिठ्ठी अजून पर्समध्येच आहे, कारण मोठी जाऊ म्हणाली हार्मोनच्या गोळ्या घेतल्या की ब्रेस्ट कॅन्सर होतोच. माहेरी-सासरी कोणाला कॅन्सर नाही. बीपीची गोळी चालू आहे. वजन थोडं जास्त. घेऊ की नको? — एक शिक्षिका, लश्कर

उत्तर : ताई, जाऊबाईंनी काळजीपोटीच सांगितलंय, आणि ही भीती आकाशातून पडलेली नाही. ती कुठून आली ते सांगते म्हणजे तुमचा निर्णय तुम्हालाच घेता येईल.

अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा फार मोठा अभ्यास चालू होता. त्यात 16 हजारांवर बायकांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) अशी एकत्र गोळी किंवा खोटी गोळी दिली होती. जुलै 2002 मध्ये तो भाग मधेच थांबवला, ब्रेस्ट कॅन्सर वाढताना दिसला म्हणून, आणि जगभर बातम्या झाल्या, लाखो बायकांनी गोळ्या बंद केल्या. पण वाढला म्हणजे किती? दहा हजार बायकांमागे वर्षाला 30 ऐवजी 38. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. तो आकडा शून्य नाही आणि मी तो शून्य म्हणून सांगणार पण नाही, पण "होतोच" आणि हे यात किती अंतर आहे बघा. दुसरी गोष्ट बातम्यांमध्ये आलीच नाही, त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या, रक्तवाहिन्या आधीच वयस्क झालेल्या. तुमच्यासारख्या 51 च्या, पाळी जाऊन दीड वर्ष झालेल्या बायका त्यांच्यात कमीच होत्या. ज्यांची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, तो भाग 2004 मध्ये थांबवला, कारण पॅरालिसिसच्या झटक्याचं प्रमाण थोडं वाढलं, पण त्यात ब्रेस्ट कॅन्सर वाढला नव्हता.

नंतरच्या वर्षांत सगळं परत नीट तपासलं गेलं आणि आता जगभरच्या तज्ज्ञ संघटना साधारण एकच सांगतात, साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं आणि बाईला मनाई करणारं दुसरं कारण नसलं तर त्रास होणाऱ्या बाईसाठी फायदा धोक्यापेक्षा जास्त. अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनं नोव्हेंबर 2025 मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकावरची काळ्या चौकटीतली धोक्याची सूचना बरीचशी काढून टाकायचं जाहीर केलं. फक्त पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर पिशवीच्या कॅन्सरचा धोका असतो, तेवढी सूचना ठेवली, आणि ती बरोबरच आहे.

हा मुद्दा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. तुमची पिशवी आहे, त्यामुळे इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागेल. माझ्याकडे येणाऱ्या काही जणी इस्ट्रोजेननं बरं वाटतं म्हणून तेवढंच घेतात आणि दुसरी गोळी "त्यानं गुंगी येते" म्हणून सोडून देतात, असं करू नका, नुसत्या इस्ट्रोजेननं पिशवीच्या आतलं अस्तर वाढत जातं. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन रात्री झोपताना घ्या, त्याची गुंगी तेव्हा उलट कामाला येते.

बीपी आणि वजन आहे तर मी तुमच्या डॉक्टरांना एवढं विचारेन की तोंडावाटे गोळीच्या ऐवजी जेल किंवा पॅच चालेल का. गोळी पोटातून आधी लिव्हरमध्ये जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते, कातडीतून घेतलेलं इस्ट्रोजेन तसं करत नाही, त्यामुळे पायात किंवा फुप्फुसात गुठळी होण्याचा धोका वाढत नाही. जेल दंडावर किंवा मांडीवर लावतात, आंघोळीनंतर, अंग पूर्ण कोरडं करून. उन्हाळ्यात घामावर लावलं तर ते निघून जातं, म्हणून पंख्याखाली वाळू द्या, मग कपडे घाला, आणि तासभर पाणी लावू नका. घरात लहान मूल असेल तर जेल लावलेला हात त्याच्या अंगाला लागू देऊ नका, हात साबणानं धुवा, लहान मुलांच्या अंगात ते हार्मोन जाता कामा नये.

सुरू करायच्या आधी बीपी काबूत आणा, मॅमोग्राफी करून घ्या, शुगर आणि लिपिड बघा. पहिले तीन महिने थोडे डाग दिसू शकतात, सहा महिन्यांनंतरही दिसत असले तर दाखवा. घाबरून मधेच बंद करू नका आणि वर्षातून एकदा डॉक्टरांसोबत बसून परत ठरवा, चालू ठेवायचं का, डोस कमी करायचा का. अमुक वर्षांनी बंदच करायचं असा सगळ्यांना लागू होणारा आकडा नाही. आणि वजन कमी करा ताई, हे टोचून बोलत नाही, पाळी गेल्यावर वाढलेल्या वजनानं ब्रेस्ट कॅन्सरचा धोका जितका वाढतो तितका या औषधानं वाढत नाही, आणि ते आपल्या घरात कोणी मोजतच नाही.

ज्यांनी घेऊ नये त्याही वाचत असतील म्हणून लिहिते. ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिस झालाय, पायात गुठळी झाली होती, लिव्हरचा आजार चालू आहे किंवा अंगावरून का जातंय ते अजून कळलेलं नाही, त्यांनी हे आपल्या मनानं घ्यायचं नाही. त्यांच्यासाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत, व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेन्टिन वगैरे, त्यांनी हॉट फ्लश कमी होतात. ब्रेस्ट कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असेल तर पॅरोक्सेटिन, हेही हॉट फ्लशसाठी देतात, ते मात्र टाळतात, ते टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतं.

प्रश्न : माझं वय 41. तीन वर्षांपूर्वी फायब्रॉइडच्या गाठींमुळे पिशवी काढली. तेव्हा डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं की "सगळंच काढून टाकू, पुढे कटकट नको". आता सांधे दुखतात, खांदा वर जात नाही, झोप नाही, काही आठवत नाही, गॅस चालू ठेवून बाहेर निघून जाते. मला पाळीच नाही तर मेनोपॉज कसा कळणार? — दौलतगंज

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. आधी एक काम करा, ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधा. त्यावर इंग्रजीत ऑपरेशनचं नाव असेल. नुसतं "टीएएच" किंवा "टीएलएच" असेल तर पिशवी काढली. त्याच्यापुढे "बीएसओ" अशी तीन अक्षरं असतील तर दोन्ही ओव्हरी आणि नळ्या पण काढल्या आहेत. आपल्याकडे कित्येक बायकांना आपल्या पोटातून काय निघालं हेच माहीत नसतं, त्या तीन अक्षरांवर पुढची सगळी ट्रीटमेंट अवलंबून असते.

बीएसओ झालं असेल तर तुमचा मेनोपॉज 38 व्या वर्षी, ऑपरेशनच्या दिवशीच झाला. हळूहळू नाही, एका दिवसात. म्हणून त्रास इतका जोरात आहे. इथे गोष्ट नुसत्या हॉट फ्लशची नाही. ओव्हरी इतक्या लवकर गेल्या आणि इस्ट्रोजेन भरून काढलं नाही तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हार्टचा धोका वाढतो. अशा बाईला, कॅन्सरसारखं मनाईचं कारण नसेल तर, निदान पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यायलाच पाहिजे असं सगळ्या गाइडलाइन सांगतात. शिक्षिका ताईंना जे आकडे सांगितले त्यांची भीती तुम्हाला लागू नाही, कारण तुम्ही काही जास्तीचं घेत नाही, निसर्गानं जे अजून आठ-दहा वर्षं दिलं असतं तेच परत घेताय. पिशवी नाही म्हणून साधारणपणे नुसतं इस्ट्रोजेन पुरतं.

कार्डावर बीएसओ नसेल, ओव्हरी आत असतील, तरी त्या थोड्या लवकर थकू शकतात, आणि तुम्हाला पाळीची खूण उरलेली नाही, तेव्हा तुमच्या बाबतीत एफएसएचची टेस्ट खरंच उपयोगाची आहे. हाडं किती भक्कम आहेत ते दाखवणारी डेक्सा तपासणी करून घ्या. खांद्यासाठी शुगर आणि थायरॉईड बघून फिजिओथेरपी सुरू करा, त्यासाठी हार्मोनची वाट बघू नका.

आणि ज्या अजून ऑपरेशनच्या आधी आहेत त्यांच्यासाठी. "सगळंच काढून टाकू" याला हो म्हणायच्या आधी विचारा, ओव्हरी का काढताय, त्यांना काय झालंय? विनाकारण पिशवी काढण्याचं प्रकरण 2023 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि कोर्टानं राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या. तुम्ही विचारलंत तर कोणाचा अपमान होत नाही.

प्रश्न : वय 57, पाळी जाऊन पाच वर्षं झाली. परवा मेळ्यात दिवसभर फिरून आले आणि दोन दिवस थोडे डाग दिसले, मग आपोआप थांबलं. दगदगीनं झालं असेल ना? सुनेला सांगितलं नाही. — कंपू

उत्तर : काकू, दगदगीनं असं होत नाही. थांबलं तरी याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि सुनेला आजच सांगा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग दिसला तरी तो तपासायचाच. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, आतली त्वचा पातळ आणि कोरडी झालेली असते, पण अशा साधारण दहा जणींत एकीला पिशवीचा कॅन्सर निघतो आणि तो लवकर सापडला तर ऑपरेशननं पूर्ण बरा होण्यासारखा असतो. आतून सोनोग्राफी करतील, अस्तर 4 मिलिमीटरपेक्षा जास्त जाड दिसलं तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. घाबरायचं नाही, पण थांबायचं पण नाही.

प्रश्न : मॅडम, मी नवरा म्हणून लिहितोय, लिहावं की नाही बरेच दिवस विचार केला. हिचं वय 53. पूर्वी इतकी हसरी, आता लहानसहान गोष्टीवरून चिडते, मग रडते. जवळ गेलो की नको म्हणते. रात्री तीन-चारदा बाथरूमला उठते. सारखी लघवीची जळजळ होते, अँटिबायोटिकचे कोर्स होतात, परत तेच. विचारलं तर "काही नाही" म्हणते. मी काय करू? — ग्वाल्हेर

उत्तर : भाऊ, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तुम्ही चार वेगळ्या गोष्टी लिहिल्यात पण त्यातल्या दोन तरी एकाच ठिकाणाहून येताहेत. इस्ट्रोजेन गेलं की योनीची आणि मूत्रमार्गाची त्वचा पातळ, कोरडी होते, जळजळ होते, इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतं आणि संबंधाच्या वेळेस खरंच दुखतं, काही जणींना कापल्यासारखं दुखतं. त्या "नको" म्हणतात ते बऱ्याचदा तुम्हाला नसून त्या दुखण्याला असतं, आणि हे तोंडानं सांगायची आपल्याकडे कोणाला सवय नाही. हॉट फ्लश काही वर्षांनी कमी होतात, हा त्रास मात्र उपचार न करता वाढतच जातो.

यावर सोपा उपाय आहे आणि तो लिहूनच दिला जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. इस्ट्रोजेनचं क्रीम किंवा छोटी गोळी आतून लावायची असते, आधी दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. डोस इतका कमी की रक्तात नगण्य जातो, पिशवी असली तरी सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही, आणि लघवीची इन्फेक्शन पण कमी होतात. फरक पडायला काही आठवडे लागतात. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच. संबंधाच्या वेळेस पाण्याचं बेस असलेलं जेल वापरा, खोबरेल तेल कंडोमसोबत चालत नाही. रात्री इतकं उठतात तर शुगर पण तपासा.

चिडणं आणि रडणं वेगळं बघायला हवं. झोप मोडली की कोणीही चिडतं, पण या वर्षांत डिप्रेशनचं प्रमाण खरंच वाढतं, विशेषतः आधी कधी होऊन गेलं असेल तर. आवडीच्या गोष्टीत मन लागत नाही, जगण्यात काही राहिलं नाही असं बोलणं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका. तुम्ही काय करायचं? "काय झालंय" असं विचारण्यापेक्षा "दुखतं का" असं विचारा. आणि डॉक्टरकडे सोबत जा, पण आत त्यांना एकटीला बोलू द्या.

प्रश्न : शतावरी, सोयाबीन, जवस यानं हार्मोन वाढतात का? गोळ्यांपेक्षा नैसर्गिक बरं ना? — गोरखी

उत्तर : सोयाबीन आणि जवसात इस्ट्रोजेनसारखे घटक असतात, काही जणींना थोडा फरक पडतो, जेवणातून खुशाल खा. शतावरीचा पुरावा त्याहून कमी आहे. मेडिकलवाल्यानं किंवा ओळखीच्या कोणी दिलेली लेबल नसलेली पुडी मात्र नको, त्यात स्टिरॉइड किंवा शिसं निघाल्याचं आम्ही डॉक्टर बघत असतो. हाडांसाठी दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम दूध, दही, नाचणी, तीळ यातून जमवा, कमी पडेल तेवढीच गोळी. इतकं ऊन असूनही आपल्याकडे व्हिटॅमिन डी कमी निघतं, ते तपासा. आणि फूलबागेत नुसतं रमतगमत फिरणं पुरत नाही, दम लागेल असं चाला आणि आठवड्यातून दोनदा थोडं वजन उचलायचा व्यायाम करा.

प्रश्न : दवाखान्यात पाच मिनिटं मिळतात, आत गेलं की अर्धं विसरायला होतं. काय सांगायचं ते सांगा ना. — 48, मुरार

उत्तर : ताई, मोबाइलमध्ये आधीच टाइप करून न्या. शेवटच्या पाळीची तारीख, गेल्या सहा महिन्यांत पाळी कधी कधी आली आणि किती गेलं. हॉट फ्लश दिवसाला किती, रात्री किती वेळा झोप मोडते. तुम्हाला स्वतःला, आईला किंवा बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर, गुठळी, हार्टचा त्रास झालाय का. चालू असलेल्या गोळ्यांचे फोटो काढा, नावं पाठ करायची गरज नाही. योनीचा कोरडेपणा, दुखणं, लघवी सुटणं, हे सगळ्यात आधी लिहा आणि सगळ्यात आधी सांगा, कारण हेच शेवटी राहून जातं, दारात हात ठेवल्यावर आठवतं आणि मग "जाऊ दे, पुढच्या वेळेस" होतं. तोंडानं बोलवत नसेल तर फोन डॉक्टरांपुढे धरा, आम्ही वाचतो. आणि ऐकून न घेता "या वयात होतंच" एवढंच म्हणून कोणी पाठवलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.